प्रवासी चढल्यामुळे झालेला विलंब

बुटकी ट्राम सुरू व्हायला आठवडा होता, तेव्हाच फुसाए आजींनी मादोकाला बजावलं होतं. "पहिल्याच दिवशी चढायचं. दार उघडलं की सरळ आत. डावीकडे बघायचं नाही, उजवीकडे बघायचं नाही. या गावची माणसं मी बारा वर्षं कंडक्टर म्हणून ट्राममध्ये भरली आहेत, पोरी. पहिल्या दिवशी जो एक पाऊल मागे सरतो, तो मग सरतच जातो."

मादोकाने "हो आजी" म्हटलं आणि विषय सोडून दिला. ट्राम येणार, दार उघडणार, माणसं चढणार. यात बजावण्यासारखं काय आहे? तिच्यापाशी त्याहून मोठ्या काळज्या होत्या. सहा महिन्यांच्या लेकीच्या, कोतोच्या टोपीची नाडी गळ्याला काचत तर नाही ना, गॅसचा खटका बंद केला ना, आणि बंद केल्याचं आठवतंय ते आजचं की कालचं.

यातली सगळ्यात खरी काळजी म्हणजे आजींचा उजवा डोळा. डावा केव्हाच गेला होता. उजव्यात दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी इंजेक्शन घ्यावं लागे, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ टेकडीवर असलेल्या इस्पितळात. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: एखादं चुकलं तर बघून घेऊ, लागोपाठ दोन चुकली तर मग माझ्याकडे बघू नका, कारण तुम्हाला मी दिसणार नाही. डॉक्टर विनोदी होते.

आजी राहायच्या नगरपालिकेच्या वसाहतीत, तीन नंबरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नव्हती, कारण ती बांधली तेव्हा राहणारे सगळे तरुण होते आणि ते म्हातारे होतील अशी कल्पना आराखड्यात कुठे नमूद नव्हती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी कठडा धरून, पाठमोऱ्या, एकेक पायरी करत वीस मिनिटांत खाली यायच्या. खरी अडचण पुढेच होती. ट्रामला दोन पायऱ्या, पहिलीच गुडघ्याएवढी. मागून कमरेला धरून कोणीतरी चढवायला हवं. शेजारच्या इमारतीतली बाई हे काम करायची, ती लेकीकडे राहायला गेली. आता उरली दुसऱ्या मजल्यावरची मादोका, आणि मादोकाच्या हातात बाळगाडी. नवरा ऱ्योहेई कंपनीने उत्तरेकडे धाडलेला, महिन्यातून दोनदा येऊन झोपून जाणारा. टॅक्सीचं नाव काढलं की आजी म्हणायच्या, "ट्रामच्या पेन्शनवर जगायचं आणि टॅक्सीत बसायचं? लाज आहे मला."

तेव्हा बुटक्या ट्रामकडे या दोघी, म्हणजे कोतो धरून तिघी, डोळे लावून बसल्या होत्या. त्यातला एक डोळा डॉक्टरांच्या मुदतीवर होता.

शहराच्या ट्राम विभागाने या प्रश्नाचा अकरा वर्षं अभ्यास केला होता. अभ्यासाअंती असं निष्पन्न झालं की ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत, त्यांना पायऱ्या चढता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणून एक 'सुगम्य सखलतल वाहन' खरेदी करण्यात आलं. एकच. कागदोपत्री त्याचं हेच नाव होतं. लोक त्याला बुटकी म्हणत. तिचा तळ फलाटाच्या बरोबरीला होता, दारं रुंद होती, आणि ती दर तासाला एकदा शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणार होती.

उद्घाटनाला पांढरे हातमोजे घातलेल्या सात जणांनी मिळून एक फीत कापली. चाकाच्या खुर्चीतल्या नागरिकांचे प्रतिनिधी म्हणून विभागाचे उपसंचालक स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून ट्राममध्ये शिरले, 'फार शिकायला मिळालं' असं म्हणाले आणि उठून चालत बाहेर आले. ट्रामचा शुभंकर म्हणून जमिनीला चिकटून राहणारा पेत्ता नावाचा चपटा मासा निवडला होता. माशाचा पोशाख घातलेला कर्मचारी सखलतल वाहनाच्या रुंद दारातून आत जाईना. त्याला बाहेरच उभं करून फोटो काढले गेले.

पहिल्या मंगळवारी शिओमाची थांब्यावर आठ माणसं रांगेत उभी होती. मादोका, गाडीत कोतो, काठीवर आजी, पुढे चालायच्या चौकटीला धरून एक आजोबा, बाकीचे धडधाकट. बुटकी आली. अजिबात आवाज न करता थांबली. दार उघडलं आणि आतून गोड आवाजात निवेदन झालं: "हे वाहन ज्यांना त्याची गरज आहे त्यांच्यासाठी आहे. आपल्या समजुतीची व सहकार्याची अपेक्षा आहे."

रांगेतल्या प्रत्येकाने स्वतःच्या मनाशी तपासून पाहिलं की आपल्याला गरज आहे का. थोडी होती. पण आपल्याहून जास्त कोणाला तरी असणारच. धडधाकट पाच जण एक पाऊल मागे सरले आणि वाकले. आजोबांनी चौकट बाजूला घेतली.

"तुम्ही व्हा पुढे," आजोबा मादोकाला म्हणाले. "बाळ आहे."

"छे छे, तुम्ही. तुमचे पाय..."

"माझे पाय अजून चालतात हो. खरंच ज्याचे चालत नाहीत असा कोणी आला तर?"

"आला तर बसेल की मांडीवर," आजी म्हणाल्या आणि काठी टेकत निघाल्या. सगळी रांग त्यांच्याकडे बघायला लागली. कोणाच्या तोंडावर राग नव्हता. सगळ्यांच्या तोंडावर समजूत होती, आणि तेच मादोकाला सोसवेना. तिने आजींची बाही धरली. "आजी, थांबा ना. त्या आजोबांना आधी जाऊ द्या."

"ते जाणार नाहीत."

"तरी पण."

आजोबा गेले नाहीत. वेळापत्रकाप्रमाणे बावीस सेकंद झाले, दार मिटलं, आणि बुटकी रिकामीच, आतले सगळे दिवे लावून, पुढे गेली. आठ जणांनी तिला मागून एकदा वाकून नमस्कार केला.

मागून जुनी ट्राम आली. आजोबा चौकट खांद्याला अडकवून पायऱ्या चढले. त्यांना तीन मिनिटं लागली आणि त्या तीन मिनिटांत त्यांनी अकरा वेळा माफी मागितली. मादोकाने बाळगाडी फळवाल्याकडे ठेवली, कोतोला पाठीशी बांधलं, आजींना कमरेला धरलं आणि वर ढकललं. आजी चढल्या. कोतोचं डोकं दाराच्या दांड्यावर आपटलं. कोतो इस्पितळापर्यंत रडली. मादोका रात्रभर तिच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघत राहिली. इंजेक्शन मात्र मिळालं. पण बाळाला पाठीशी बांधून पुन्हा त्या पायऱ्या चढायच्या नाहीत, हे तिने मनाशी पक्कं केलं.

महिनाअखेरीस विभागाच्या लक्षात आलं की सुगम्य वाहनात एकही प्रवासी चढलेला नाही. विभागाने हे गांभीर्याने घेतलं. चौकशीत निष्पन्न झालं की नागरिकांना आपली गरज किती आहे हे नेमकं ठाऊक नसल्याने त्यांचा संकोच होतो. तेव्हा गरज मोजून देण्याचं ठरलं. अतिगरजूंना तांबडा बिल्ला, गरजूंना नारिंगी आणि ज्यांची गरज संभवनीय आहे त्यांना पिवळा. बिल्ले वॉर्ड ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर, 'समजूत व सहकार्य कक्षा'त मिळतील.

मादोका बाळगाडी घेऊन गेली. लिफ्टपाशी पाटी होती: फक्त बिल्लाधारकांसाठी.

"मी बिल्ला घ्यायलाच आलेय," ती पहारेकऱ्याला म्हणाली.

"मग परत जाताना वापरता येईल," पहारेकरी अदबीने म्हणाला, आणि तिला जिना दाखवला.

वर कक्षाचे उपप्रमुख शिमोझातो होते. मनुष्य अतिशय सभ्य. त्यांनी आधी तिला जिना चढावा लागल्याबद्दल उभं राहून खेद व्यक्त केला, मग बसून फॉर्म काढला.

"आपण स्वतः चालू शकता?"

"हो. पण बाळगाडी आहे."

"बाळ चालू शकतं?"

"सात महिन्यांची आहे हो."

"म्हणजे चालत नाही." त्यांनी लिहिलं, मग पेन उचलून विचार केला. "पण सात महिन्यांचं कुठलंच बाळ चालत नाही. तेव्हा न चालणं ही तिची अडचण धरता येत नाही. तो तिचा स्वभाव आहे. आता या फुसाए बाई. त्या चालतात?"

"सपाटीवर. पायऱ्या चढता येत नाहीत."

"पत्त्यावरून दिसतं की चौथ्या मजल्यावर राहतात."

"हो, पण महिन्यातून एकदा उतरतात. आणि येताना बसत बसत, अर्धा तास..."

"म्हणजे चढतात." शिमोझातोंना हे लिहिताना वाईट वाटत होतं, हे मादोकाला स्पष्ट दिसलं. "चार मजले चढणाऱ्या व्यक्तीला दोन पायऱ्या चढता येत नाहीत, असं मी वर कळवलं तर माझंच चुकतंय असं होईल."

"आणि डोळा? एक गेलाय. दुसरा वाचवायला तर जायचंय."

"डोळा फार महत्त्वाचा," ते मनापासून म्हणाले. "पण डोळा पायऱ्या चढत नाही ना, बाई."

दोघींना पिवळे बिल्ले मिळाले. परत जाताना मादोका लिफ्टने उतरणार होती. पण लिफ्टच्या दाराशी एक गृहस्थ उभे होते, त्यांच्याकडे नारिंगी होता, ते तांबड्याची वाट बघत होते. मादोका जिन्याने उतरली.

आजींनी बिल्ला उजव्या डोळ्यासमोर धरून बघितला. "आमच्या वेळी दारात उभं राहून ओरडायचे मी, 'आत सरका, आत सरका, मागे माणसं आहेत!' लोक शिव्या देत आत सरकायचे. आता न ओरडता सगळे बाहेर सरकतात." त्यांनी बिल्ला छातीला लावला. "मंगळवारी बाही धरलीस तर काठी घालीन."

दुसऱ्या महिन्याच्या मंगळवारी मादोकाने बाही धरली नाही. तिची तयारी होती. बुटकी आली, दार उघडलं, आजी निघाल्या. तेवढ्यात ड्रायव्हरने खिडकीतून बिल्ल्याकडे पाहिलं. तरुण होता, नियम नवे होते.

"पिवळा चालतो ना?" मादोकाने विचारलं.

"चालतो की. काहीच हरकत नाही. फक्त रांगेत नारिंगी किंवा तांबडा कोणी नाही, एवढी खात्री करून घ्या."

चौकटीवाल्या आजोबांच्या छातीवर नारिंगी होता. तो दिसताच ते असे ओशाळले, जसं काही त्यांनी तो कोणाच्या खिशातून उचलला होता. "नाही, नाही, मी तांबड्यासाठी थांबलोय," ते म्हणाले. "शहरात चौदा जणांना तांबडा मिळालाय म्हणे."

"ते चौदा इस्पितळाच्या गाडीने जातात," आजी म्हणाल्या. "ते कशाला येतील इथे मरायला?"

"पुढच्या थांब्यावर असतील कदाचित."

सगळ्यांनी पुढच्या थांब्याच्या दिशेने पाहिलं. बावीस सेकंद झाले. दार आजींच्या नाकासमोर मिटलं.

मागच्या जुन्या ट्रामच्या ड्रायव्हरला मादोकाने हात केला, म्हणाली, आजींना जरा वर घ्याल का? तो खाली उतरला, टोपी काढली, वाकला. "आपल्यासाठी आता खास गाडी आहे, बाई. मी हात लावला आणि काही झालं, तर खास गाडी असताना हात का लावला म्हणून विचारतील." रांगेतल्या लोकांनीही मदत केली नाही. मदत करायला गेलो आणि आजींना ती लागत नसली तर त्यांना किती वाईट वाटेल, या विचाराने ते जुन्या ट्राममध्ये चढून खिडकीबाहेर बघत राहिले. बुटकी येण्यापूर्वी याच माणसांनी आजींच्या कमरेला हात दिला असता. आता शहराने त्यांची सोय केलेली होती.

एक इंजेक्शन चुकलं. आजी घरी आल्या, बसत बसत चार मजले चढल्या, आणि दोन दिवसांनी म्हणाल्या की भिंतीवरच्या घड्याळाचा मधला भाग पुसल्यासारखा दिसतोय. आकडे दिसतात, काटे दिसत नाहीत.

दरम्यान बुटकी प्रसिद्ध झाली. तिच्यात कोणी चढत नसल्याने ती कधी उशिरा येत नसे, तिच्या काचांवर कोणाचं बोट उमटत नसे. ट्राम विभागांच्या कुठल्याशा महासंघाने तिला 'सर्वांत वक्तशीर व निर्मळ वाहन' म्हणून ढाल दिली. टीव्हीवाले आले. एक बाई माइकसमोर म्हणाली, "आमच्या शहरात कोणीही हक्काने पुढे घुसत नाही, याचा मला अभिमान आहे." कॅमेऱ्यासमोर रांग मागे सरली, नीट दिसावं म्हणून तिला पुन्हा एकदा सरायला सांगितलं, ती पुन्हा सरली. शाळेतल्या मुलांना दाखवायला आणू लागले. थांब्यावर फुलांच्या कुंड्या आल्या. त्यांच्यामुळे बाळगाडी उभी करायला जागा राहिली नाही.

अशा स्थितीत तिसऱ्या महिन्याचा मंगळवार आला. हे चुकलं असतं तर लागोपाठ दुसरं. मादोकाने आदल्या रात्री तीन वेळा उठून गजर लावलाय का पाहिलं. सकाळी कुंड्यांमधून बाळगाडी काढत ती रांगेच्या पुढे गेली, आजींचा दंड धरला, आणि दार उघडताच कोणाकडेही न बघता दोघींनी पाऊल टाकलं. पायरी नव्हती. काहीच नव्हतं. घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं इतकं ते सोपं होतं, आणि मादोकाला त्या क्षणी रडू आलं.

रांग एक पाऊल मागे सरली. मग एक बाई हलकेच म्हणाली, "आज खरंच कोणाला गरज पडली तर?"

ड्रायव्हर उभा राहिला. त्याच्या गाडीत याआधी कोणी चढलेलं नव्हतं. त्याने नियंत्रण कक्षाला फोन लावला. कक्षाने विचारलं, बिल्ला कोणता? पिवळा. कक्षाने वरिष्ठांना विचारलं. मग पुस्तिका उघडण्यात आली. ड्रायव्हरने पांढरे हातमोजे चढवले, खाली उतरून पुढे-मागे लाल शंकू मांडले, दाराकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात म्हणाला, "दार, उघडं!" मग आजींकडे बोट, "प्रवासी, एक!" मग मादोकाकडे, "प्रवासी, दोन!" कोतोपाशी बोट थबकलं. पुस्तिकेत पाहून तो म्हणाला, "बाळ, एक! प्रवासी धरू नये!" मागे जुन्या ट्रामांची रांग लागली. पाच, मग सात.

"अरे बाबा, चल आता," आजी म्हणाल्या. "किती वाजले?"

"नऊ मिनिटं उशीर झाला, आजी. माफ करा."

आजींचा चेहरा पडला.

पुढच्या प्रत्येक थांब्यावर भोंग्यातून निवेदन होत होतं: "सुगम्य सखलतल वाहनात प्रवासी चढल्यामुळे सेवेस विलंब झाला आहे. प्रवाशांची झालेली गैरसोय लक्षात घेऊन आम्ही अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो." थांब्याथांब्यावर विभागाची माणसं कमरेत वाकून लोकांना विलंबाचे दाखले वाटत होती, कचेरीत दाखवायला, शाळेत दाखवायला. लोक दाखला घेत आणि काचेतून आत बघत. वाईट नजरेने नाही. फक्त बघत. मादोका प्रत्येक थांब्यावर उठून वाकत होती. आजी उठल्या नाहीत. शेवटच्या थांब्यावर त्यांनी हात पुढे केला आणि एक दाखला मागून घेतला.

"वाच," त्या म्हणाल्या.

"कशाला, आजी..."

"वाच म्हणते ना. मला मधलं दिसत नाही."

मादोकाने वाचलं: विलंब, नऊ मिनिटे. कारण, प्रवासी चढल्यामुळे.

"बारा वर्षं कंडक्टर होते," आजी म्हणाल्या. "मग एकट्या ड्रायव्हरच्या गाड्या आल्या, तर डेपोत एकोणीस वर्षं वेळापत्रक सांभाळलं. एकतीस वर्षांत माझ्या हातून गाडी चार मिनिटांच्या वर गेली नाही. ती चार मिनिटंसुद्धा वादळाची होती." त्यांनी दाखल्याची बारीक घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

इंजेक्शन मिळालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. आता खंड पडू देऊ नका, इथून पुढचं सगळं याच्यावर आहे.

चार दिवसांनी शिमोझातो मिठाईचे दोन डबे घेऊन वसाहतीत आले. ते दुसऱ्या मजल्यावर मादोकाकडे थांबले, दारातच वाकले, आणि मंगळवारी चढावं लागल्याबद्दल विभागातर्फे दिलगिरी व्यक्त केली. चढायला मुळीच मनाई नाही. फक्त तीन दिवस आधी कळवलं तर बाकीच्या सगळ्यांना तयार राहता येईल, आणि मग कोणाला कोणाचा त्रास होणार नाही.

"आजींनाही सांगा ना तुम्ही," मादोका म्हणाली. "वरच आहेत."

"नको, नको. उगाच त्यांना दाराशी उठून यावं लागेल." त्यांनी दुसरा डबा तिच्या हाती दिला. "आपणच द्या."

मादोकाने डबा वर नेला. आजींनी तो घेतला. म्हणाल्या, "तीन दिवस आधी कळवायचं, मग माझ्यासाठी सगळं गाव तयार राहणार. नवरीसारखं. पुरे झालं, पोरी. तू बाळाला सांभाळ. मी बघते माझं काय ते." त्या 'बघते' म्हणाल्या, आणि मादोकाला बरं वाटलं, कारण त्या मंगळवारपासून थांब्यावरून जाताना तिची मान वर होत नव्हती.

त्यानंतर विभागाची फेरआढावा बैठक झाली. सुगम्य वाहन बंद करावं का, असा प्रश्न निघताच नागरिकांनी एकमुखाने विरोध केला. ते शहराची शान होतं. पण तीन महिन्यांत दोनच प्रवासी चढले होते, आणि तेही पिवळे. अतिगरजू व्यक्तीची सर्वांनी तीन महिने वाट पाहिली, ती आली नाही. यावरून अशी व्यक्ती शहरात अस्तित्वात नाही, आणि हे विभागाच्या अकरा वर्षांच्या कार्याचं यश आहे, असा निष्कर्ष अहवालात नोंदवण्यात आला. सबब, वाहन चालू ठेवावं. मात्र नागरिकांना प्रत्येक वेळी मागे सरण्याचा त्रास पडू नये म्हणून ते यापुढे कोणत्याही थांब्यावर थांबणार नाही.

पुढच्या महिन्याचा पहिला मंगळवार आला आणि गेला. मादोकाच्या मनात आलं होतं की वर जाऊन विचारावं. पण आजींची एक भाची आहे, तिने नेलं असेल. समाजसेवेची एक बाई असते, तिच्या यादीत आजी असणारच. दर आठवड्याला दह्याच्या बाटल्या पोचवणारी आहे. मधल्या तिसऱ्या मजल्यावरचे लोक तर आजींच्या दाराला मादोकापेक्षा एक मजला जवळ. आधी त्यांचा मान. आपण चौकशी करत गेलो तर त्यांना वाटेल, आम्ही लक्ष देत नाही असं हिचं म्हणणं आहे का? आणि कोतोला दात येत होते. त्याच्या पुढच्या महिन्याचा मंगळवारही आला आणि गेला. ज्या बाईने गॅसचा खटका रोज तीन वेळा तपासला, तिने दोन जिने चढून एक दार वाजवलं नाही.

मग एका दुपारी इमारतीत फिरणारी सूचनांची पाटी तिच्याकडे आली. घरोघरी जाते, ज्याने त्याने वाचून आपल्या नावासमोर शिक्का मारायचा आणि पुढच्या दारी द्यायची. वरचीच सूचना बुटकी न थांबण्याबद्दलची होती. मादोका शिक्का मारायला गेली तर आजींच्या नावासमोरचा चौकोन कोरा. त्याखालच्या, आधीच्या महिन्याच्या कागदावरही कोरा. त्याच्या खालच्यावरही.

ती पाटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. "आजींचा शिक्का नाही?"

"आम्ही त्यांचं घर गाळून देतो," तिथली बाई म्हणाली. "वाचताना त्यांना त्रास होतो म्हणे. उगाच कशाला जायचं? आणि तुम्ही जाता ना त्यांच्याकडे?"

"मी?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही जाता."

मादोका कोतोला कडेवर घेऊन वर धावली. दार नुसतं लोटलेलं होतं. आजी खिडकीशी बसल्या होत्या, ट्रामच्या रुळांकडे तोंड करून. जवळ चहा ओतलेल्या भाताची वाटी, आणि खिडकीच्या चौकटीत घडी मोडून, नीट टाचून लावलेला विलंबाचा दाखला.

"कोण?" आजी म्हणाल्या. मादोका त्यांच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

"मी. मादोका."

"अगं, ये, ये. आत्ता दहा बेचाळीसची बुटकी गेली. आवाजावरून कळतं मला. एका सेकंदाचा फरक नाही. न थांबल्यामुळे छान चालते आता."

"आजी, इंजेक्शन? दोन्ही?"

आजींनी मान आडवी हलवली.

"मला हाक का नाही मारलीत? एक हाक!"

"मारणार होते," आजी म्हणाल्या. "मग म्हटलं, तुला बाळ आहे. तुझी गरज तिला जास्त." त्यांनी कोतोच्या गालाला लावायला हात पुढे केला. हात गालापासून वीतभर लांब, हवेत गेला आणि तिथेच चाचपडत राहिला. कोतोला तो खेळ वाटला. ती खिदळली, आणि तिच्या आवाजावरून आजींना गाल सापडला.

डॉक्टरांनी नंतर विनोद केला नाही.

या शहरातल्या माणसांचं तुम्हाला हसू आलं असेल, तर बिनधास्त हसा. ट्राम, बिल्ले, बोट दाखवून मोजलेले प्रवासी, हसण्यासारखंच आहे सगळं. पण तुमच्याही जिन्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी राहतं, ज्यांना तुम्ही बरेच दिवसांत पाहिलेलं नाही. त्यांच्याकडे कोणीतरी जातच असणार, अशी तुमची खात्री आहे. त्यांच्या शेजाऱ्यांची तीच खात्री तुमच्याबद्दल आहे. मादोकाचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: हे पुस्तक उघडंच पालथं ठेवा, चपला घाला, आणि वर जाऊन त्यांना एकदा बघून या.